स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तके : गुरुमुखी विद्येचे लेखन

गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात उतरणारी विद्या कागदावर मांडता येते काय, हा प्रश्न हिंदुस्थानी संगीतात विसाव्या शतकाच्या आरंभी ऐरणीवर आला. त्याचे उत्तर देण्याचे मोठे प्रयत्न दोन मराठी व्यक्तींनी केले. एक पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) आणि दुसरे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१). या दोघांच्या कार्याशी नागपूरचाही संबंध आहे.

पार्श्वभूमी
त्या काळी बंदिशी ही घराण्याची मिळकत मानली जाई. उस्ताद त्या सहसा बाहेर जाऊ देत नसत आणि वारस नसल्यास त्या त्यांच्याबरोबरच लुप्त होत. नोकरी-व्यवसाय सांभाळणारा मध्यमवर्ग आणि घरंदाज स्त्रिया यांना तर या विद्येचे दार जवळपास बंदच होते. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंडे यांनी विविध प्रांतांत प्रवास करून गायक-वादकांच्या भेटी घेतल्या आणि ग्रंथ व बंदिशी जमविल्या. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, तर १९०७ च्या प्रवासात नागपूर, हैदराबाद आणि कोलकाता ही शहरे होती.

क्रमिक पुस्तक मालिका
या संग्रहातून 'हिंदुस्थानी संगीत पद्धती - क्रमिक पुस्तक मालिका' सिद्ध झाली. पहिला भाग १९२० मध्ये निघाला आणि एकूण सहा भागांत सुमारे अठराशे बंदिशी संगृहीत झाल्या. तिची रचना शालेय पुस्तकासारखी पायरीपायरीने चढत जाणारी आहे. आरंभी यमन, बिलावल, खमाज, भैरव, काफी यांसारख्या दहा थाटांचे प्रतिनिधी राग येतात. आधी सरगम, मग रागाचे नियम गाण्यातच सांगणारे लक्षणगीत आणि त्यानंतर ख्याल, ध्रुपद, धमार असा क्रम आहे.

लिपीची चिन्हे मोजकीच आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. एका मात्रेत अनेक स्वर असतील, तर त्यांच्याखाली कंस. स्वर लांबवायचा असेल, तर आडवी खूण आणि अक्षर लांबवायचे असेल, तर अवग्रह. समेला गुणाकाराचे चिन्ह, खालीला शून्य. छापखान्यातील सामान्य खिळ्यांनी बहुतांशी जुळविता येईल, अशी ही सुटसुटीत योजना असल्यानेच ती सर्वदूर रुजली.

पलुस्करांचा मार्ग आणि नागपूर
पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि वर्गांतील शिक्षणासाठी स्वतंत्र स्वरलिपी व पुस्तके तयार केली. त्यांच्या शिष्यांनी गावोगावी विद्यालये काढली. नागपुरात शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय याच परंपरेतील. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे आरंभीचे शिक्षण तेथेच झाले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षांची आज परिचित असलेली चौकटही पलुस्करांच्या परंपरेतून उभी राहिली.

पुस्तकाची मर्यादा
वसंतरावांचे उदाहरण या विषयाची दुसरी बाजूही दाखविते. विद्यालयीन पायावर त्यांनी पुढे लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्यासमोर बसून मारवा आत्मसात केला. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत कोमल ऋषभ व तीव्र मध्यम असून पंचम वर्ज्य आहे. कागदावर तिघांचे स्वर सारखेच! मारव्यात ऋषभ-धैवताचे प्राबल्य, पूरियाचा ओढा गंधार-निषाद आणि मंद्र सप्तकाकडे, तर सोहनीचा तार सप्तकाकडे, एवढे पुस्तक सांगते. पण त्या ऋषभावर किती रेंगाळावे, षड्ज कितपत टाळावा, हे कानानेच शिकावे लागते. मींड आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही चिन्हांच्या पलीकडचे आहेत.

ही अडचण केवळ भारतीय संगीतापुरती नाही. अमेरिकेतील 'ब्लूग्रास' या ग्रामीण परंपरेच्या संगीतात बिल मन्रो (१९११-१९९६) यांनी मॅन्डोलिनची शैली घडविली. आठ तारांच्या या वाद्यात तारांच्या चार जोड्या असतात. शिकविण्याच्या पुस्तकांत चार रेघा आखून कोणत्या जोडीवर कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे, याचे आकडे लिहितात. बोट कुठे पडावे हे त्यावरून कळते. परंतु मात्रांच्या मधल्या जागी पडणारा तुटक आघात किती आखूड असावा, हे ध्वनिमुद्रण ऐकल्यावाचून उमगत नाही. म्हणूनच अशा पुस्तकांना ध्वनिमुद्रणाची जोड दिली जाते.

साहित्य कसे असावे
या अनुभवावरून पारंपरिक शैलीच्या पाठ्यसाहित्याची काही सूत्रे निघतात. पाठ सोप्याकडून कठीणाकडे जावेत. प्रत्येक पाठात तालाची चौकट स्पष्ट असावी. एकाच बंदिशीचे निरनिराळे पाठ उपलब्ध असतील, तर ते वेगवेगळे नोंदवावेत. कारण एकच पाठ छापला गेला, की तोच प्रमाण मानला जातो आणि इतर विस्मरणात जातात. भातखंडे यांनी नोंदविलेल्या बंदिशींबाबत घराणेदार गायकांनी पाठभेदाचे आक्षेप घेतले, ते याचमुळे. मात्र ती नोंद झाली नसती, तर वाद घालण्यापुरतीही बंदिश उरली नसती, हेही तितकेच खरे. पुस्तक गुरूची जागा घेत नाही. गुरूच्या दारापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी ते वाट मोकळी करून देते.