काडीमोड, खावटी आणि नागपूरची कोर्टं

भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी तासाभरात मलकापूरला पोचते. १९४७ साली एवढ्या प्रवासात हिंदू बाईचा कायदा बदलत असे. भुसावळ मुंबई इलाख्यात. तिथल्या सरकारने त्या वर्षी हिंदू घटस्फोटाचा कायदा केला होता आणि ठरावीक कारणं सिद्ध झाली तर बायकोला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होतं. मलकापूर मध्य प्रांत व वऱ्हाडात. तिथून थेट नागपूरपर्यंत सप्तपदीने लागलेलं लग्न मोडण्याची सोय कोणत्याही कायद्याने ठेवलेली नव्हती. नवऱ्याने दुसरी बायको करू नये म्हणून मुंबईने १९४६ सालीच कायदा केला होता. तोही याच शिवेपाशी थांबला.

म्हणून नागपूरकडे लग्नं मोडतच नव्हती असं नाही. सर्रास मोडत होती, फक्त कोर्टाबाहेर. कुणब्या-तेल्यांत, महारांत, कोष्ट्यांत आणि अशाच कितीतरी जातींत पंचांपुढे काडीमोड व्हायची आणि बाई पाट लावून दुसऱ्या घरी नांदायला जायची. ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने वागू पाहणारी घराणी याला नाक मुरडत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले. त्यात जवळजवळ प्रत्येक जातीच्या नोंदीत घटस्फोट चालतो का, विधवेचा पाट लागतो का, दंड किती आणि जेवण कुणी द्यायचं, हे बारकाईने लिहून ठेवलेलं आहे. त्याआधी मराठेशाहीच्या दप्तरांत ‘पाटदाम’ नावाचा करही सापडतो. पुनर्विवाहाला धर्मशास्त्राची मान्यता आहे की नाही, हा वाद शास्त्र्यांनी घालावा; सरकार आपलं पाटाचे पैसे जमा करून मोकळं.

भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं आणि इंग्रजी कोर्टं आली. त्यांनी प्रत्येकाला त्याच्या धर्माचा कायदा लावायचं ठरवलं. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. १८६९ च्या कायद्याने ख्रिस्ती जोडप्याला घटस्फोट मागता येई, पण जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूम वरच्या कोर्टाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. शिवाय नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रौर्याची किंवा घर सोडून गेल्याची जोड द्यावी लागे. हा भेदभाव २००१ सालापर्यंत कायद्यात टिकला. रेल्वेतल्या एखाद्या अँग्लो-इंडियन गार्डाचा संसार मोडायला एवढी न्यायाची उतरंड, आणि शेजारच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा संसार चावडीवर एका बैठकीत मोकळा. मुसलमान बायकांना कोर्टातून लग्न मोडून घेण्याचा निश्चित कायदा १९३९ साली मिळाला. म्हणजे हिंदू बाईच्या सोळा वर्षं आधी. ही तारीख वादविवादात फारशी कुणी काढत नाही.

या बंद दाराला पहिली फट पाडली ती नागपुरात वकिली केलेल्या एका माणसाने. हरिसिंग गौर मूळचे सागरचे. नागपूर नगरपालिकेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, हिंदू कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १८७२ च्या नोंदणी विवाहाच्या कायद्यात एक मेख होती: तसं लग्न करायचं तर ‘मी हिंदू नाही, बौद्ध नाही, जैन नाही’ असं लिहून द्यावं लागे. गौर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात चिकाटी धरून १९२३ साली ती अट बऱ्याच अंशी काढायला लावली. हिंदू राहूनच परजातीत नोंदणी विवाह करता येऊ लागला, आणि अशा लग्नाला घटस्फोटाची तरतूदही लागू झाली.

किंमत मात्र जबर होती. असं लग्न करणारा मुलगा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त धरला जाई. त्याला दत्तक घेण्याचा हक्क उरत नसे. तो एकुलता एक असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा होती. पोरगा हयात, धडधाकट, आणि कायदा बापाला सांगतो की तुम्ही दुसरा बघा! सुधारणेला होकार देतानाही सनातन्यांची समजूत कशी काढावी लागे, ते या एका कलमात दिसतं.

पण घटस्फोटावर इतका वेळ घालवला की खरा झगडा नजरेआड होतो. नागपूरच्या कोर्टांत नवराबायकोची भांडणं पहिल्यापासून आली ती मुख्यतः पैशाच्या वाटेने. पोटगी, म्हणजे आपली खावटी. हा हक्क धर्मशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नाही. तो आला फौजदारी प्रक्रिया संहितेतून, दंगे आणि शांतताभंगाच्या कलमांच्या शेजारून. बायको आणि पोरं उपाशी रस्त्यावर आली तर भटकेपणा वाढेल, चोऱ्या वाढतील, ही सरकारची काळजी. म्हणून नवऱ्याला दरमहा रक्कम द्यायला लावण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. तिथे जात विचारत नसत, धर्म विचारत नसत. ज्या बाईला घटस्फोटाचं दार बंद होतं तिला हे दार उघडं होतं. दिलेल्या हुकमाप्रमाणे पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे नवऱ्याला महिन्याभरापर्यंत कैद होऊ शके.

रकमेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९८ च्या संहितेत कलम ४८८ खाली कमाल मर्यादा महिना ५० रुपये. १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५००. १९७३ साली नवी संहिता आली, कलमाचा आकडा १२५ झाला, घटस्फोटित बायका आणि म्हातारे आईबाप यांनाही त्यात जागा मिळाली. रकमेचा आकडा मात्र ५०० वरच राहिला. महाराष्ट्राने १९९९ साली तो १,५०० केला आणि २००१ साली संसदेने मर्यादाच उडवून लावली. म्हणजे सोन्याचा, डाळीचा, शाळेच्या फीचा भाव कुठल्या कुठे गेला तरी चव्वेचाळीस वर्षं बाईच्या महिन्याची कमाल किंमत ५०० रुपयेच राहिली. ही आळशी कायदेमंडळाची चूक म्हणून सोडून देता येत नाही. भुकेने मरू नये एवढंच द्यायचं, हा जुना हेतूच त्या आकड्यात बसलेला होता.

आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर? १९४९ पर्यंत एवढ्या एका कारणावरून पहिलीला वेगळं राहून खावटी मिळेलच, अशी खात्री संहितेत लिहिलेली नव्हती. ‘मी तिला नांदवायला तयार आहे’ असं नवऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे म्हटलं की प्रकरण अडायचं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की नवऱ्याने दुसरी केली किंवा ठेवली, तर पहिलीने त्याच्या घरी राहायला नकार देणं रास्त आहे.

मुलांच्या बाबतीत जुना कायदा आणखीच बापाकडे झुकलेला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात अज्ञान मुलाचं कल्याण पाहावं असं लिहिलेलं होतं. त्याचं वय, त्याचा धर्म, पालकाची वर्तणूक, नात्याची जवळीक, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची स्वतःची इच्छाही विचारात घ्यायची. वाचायला उत्तम. पण दोनच कलमं पुढे अट होती की बाप जिवंत असेल आणि अपात्र नसेल तर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये. त्याच कलमात लग्न झालेल्या अज्ञान मुलीचा पालक म्हणून नवराही बसवलेला होता.

१९३६ च्या ९ जानेवारीला नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. चार वर्षांनी, १९४० च्या जानेवारीत, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते सिव्हिल लाइन्समधल्या त्या देखण्या दगडी इमारतीचं उद्घाटन झालं. आत मात्र हिंदू बायकोच्या घटस्फोटाचा अर्ज घ्यायला कायदाच नव्हता.

तो मागितला गेला तिथून जवळच, एका मांडवात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर हजर होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर त्यांची नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. हजारो बायका जमल्या. त्यांनी ठराव केले: बायकोला कायद्याने घटस्फोटाचा हक्क मिळावा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी. यातल्या बऱ्याच जणींच्या जातीत काडीमोड होतीच. मग कायद्याने कशाला हवी? कारण पंच पुरुष होते, दंड ते ठरवायचे, आणि सोडलेल्या बाईच्या पोटापाण्याचं काय, हा प्रश्न पंगत उठली की संपत असे. हिंदू संहितेचा इतिहास सांगताना दिल्लीतली भाषणं उद्धृत होतात. मोहन पार्कचा ठराव त्या भाषणांच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याचं श्रेय अजून पुरतं दिलं गेलेलं नाही.

१९४५ साली बेनेगल नरसिंग राव यांची हिंदू कायदा समिती देशभर साक्षी घेत फिरली, तेव्हा नागपूरलाही आली. समितीत पुण्याचे कायदेपंडित ज. र. घारपुरे होते. पुढे समितीचा हिंदू संहितेचा मसुदा रखडला, आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, आणि अखेर मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा लागू झाला. मलकापूर आणि भुसावळ एका कायद्याखाली आले. गंमत अशी की त्याच कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेली काडीमोडही शाबूत ठेवली. आजही स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून मोकळी झालेली जोडपी कोर्टात येतात. मग न्यायाधीश विचारतात की तुमच्या जातीत अशी रूढी खरोखर होती, याचा पुरावा दाखवा. आणि दोघांपैकी एकाची बोबडी वळते.

नव्या कायद्याचा अर्थ लावताना नागपूरची एक मुलगी साऱ्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकांत गेली, तीही न मागता. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून तिचं शिक्षण दिल्लीत. मे १९५६ मध्ये पुण्यात लग्न, नवरा शेतकी विषयातला पदवीधर. पाच वर्षांत संसार फाटला. नवऱ्याने पुण्याच्या कोर्टात दावा लावला. १९७५ साली यशवंतराव चंद्रचूड यांनी सुप्रीम कोर्टात निकाल लिहिला, तेव्हा जोडप्याची खासगी पत्रं, जाळून घेण्याच्या धमक्या, तोडून टाकलेलं मंगळसूत्र, हे सगळं न्यायपत्रिकेत छापून आलं. निकालात दोन गोष्टी ठरल्या. लग्नातलं क्रौर्य सिद्ध करायला खुनाच्या खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, आणि कोर्टापुढे आदर्श नवरा-बायको नसतात, हीच दोन माणसं असतात, त्यांच्याकडे पाहून निर्णय करायचा. बायकोचं वागणं क्रौर्य ठरलं, तरी नवरा हरला. ते सगळं होऊनही दोघं एकत्र राहिली, तिसरं मूल झालं. म्हणजे त्याने ते माफ केलं, असं कोर्टाने धरलं.

मुलांच्या बाजूने झालेला बदल तर शेतजमिनीच्या भांडणातून आला. विदर्भाच्या कूळकायद्याखालचा एक वाद १९७० साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. आईबाप वीस वर्षं वेगळे, बापाने मुलीकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही, आणि मुलीच्या नावची जमीन आई सांभाळतेय. मग आईने कुळाशी केलेला व्यवहार खरा की नाही? कोर्ट म्हणालं की असा बाप असून नसल्यासारखा. आईच नैसर्गिक पालक. आईच्या पालकत्वाला मोठी मान्यता मिळाली ती एका कुळाला जमिनीवरून हटवता येतं का, या प्रश्नाच्या आडून.

१९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली, महाराष्ट्रात १९८९ पासून. दहा लाखांवरच्या शहरांना ती सक्तीची होती. नागपूर त्यात बसत होतं. समुपदेशक आधी बोलणार, समझोत्याचा प्रयत्न होणार, वकील हक्काने नाही तर परवानगीने उभे राहणार. प्रत्यक्षात परवानगी सहज मिळते, आणि पक्षकारांना पाठ होतो तो ‘तारीख’ हा शब्द.

याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २ सप्टेंबर २०१३ रोजी एका बाईने स्वतःसाठी आणि कुशीतल्या मुलासाठी अंतरिम खावटीचा अर्ज केला. मूल झाल्यावर थोड्याच दिवसांत ती सासरहून निघाली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये हुकूम झाला: बायकोला महिना १५,००० रुपये, मुलाला पहिली दोन वर्षं ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. नवरा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ साली हरला, मग दिल्लीला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी नागपूरचाच हुकूम कायम केला आणि थकबाकी बारा आठवड्यांत भरायला सांगितली. ‘अंतरिम’ म्हटलेल्या रकमेला सात वर्षं लागलेली पाहून कोर्टाने साऱ्या देशासाठी नियमही घालून दिले. दोन्ही बाजूंनी पगार, घर, गाडी, कर्ज, विमा, सगळं शपथेवर छापील नमुन्यात लिहून द्यायचं. खावटी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. एकाच गोष्टीसाठी चार कायद्यांखाली चार ठिकाणी पैसे मिळाले तर ते एकमेकांत वळते करायचे.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, दुसऱ्याच एका खावटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाला दिसलं की खालच्या कोर्टांनी ते शपथपत्र मागवलंच नव्हतं. न्यायमूर्तींनी २०२० चा निकाल सगळ्या हायकोर्टांकडे पुन्हा पाठवायला लावला.