इंजिनची थरथर : कान आणि मापक

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी तिथल्या पेट्रोल मोटारी बहुतांशी कार्ब्युरेटरच्या. उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले, की मिस्त्री आवाज ऐकत स्क्रू फिरवी, पेट्रोल वाढवी. थरथर थांबे, आपणही समाधानी! पण तडकलेल्या रबरी नळीतून शिरणारी हवा तशीच राही. त्या बाजूच्या सिलिंडरचे भागे. इतरांत मात्र जादा पेट्रोल अर्धवट जळून विषारी कार्बन मोनॉक्साइड बने. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मुळे उभ्या गाडीचा धूर मोजणे आले. पेट्रोलच्या चारचाकीसाठी या वायूची मर्यादा ठरली ३ टक्के. कानाला पटलेली दुरुस्ती मापकाला पटेना. लक्षण दबले म्हणजे दोष गेला असे नव्हे, हे वर्गात सांगायला आपल्याला यापरते सोपे उदाहरण कोणते?