गर्भिणीच्या एका विकाराचा इतिहास : आचक्यांपासून रक्तपरीक्षेपर्यंत

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे बोल आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते केवळ कळांच्या यातनांवरून रूढ झाले असे नाही. ओटीभरण होऊन माहेरी आलेली, कालपर्यंत हसतीखेळती असलेली पहिलटकरीण एकाएकी डोके दुखते म्हणते, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाहता पाहता तिला आचके येऊ लागतात, असे प्रसंग पूर्वी अनेक कुटुंबांवर ओढवले. कोणी त्यास बाहेरची बाधा म्हटले, कोणी दैवावर हवाला ठेवला. ह्या विकाराचे खरे स्वरूप उमगावयास वैद्यकशास्त्रास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत ज्ञातिकुटुंबांपुढे थोडक्यात ठेवण्याचा येथे विचार आहे.

गर्भारपणात डोके जड होऊन दुखणे व गुंगी येणे हे अशुभ लक्षण होय, अशी नोंद हिपोक्रेटिसच्या नावे चालत आलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथसंग्रहात आढळते. ह्या आचक्यांना पुढे मिळालेले ‘एक्लॅम्प्सिया’ हे नाव ग्रीक भाषेतील ‘लखलखाट’ ह्या अर्थाच्या शब्दापासून आले. वीज चमकावी तसा हा रोग अवचित येई, म्हणून ते सार्थही होते. सतराव्या शतकात पॅरिस येथील प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स्वा मोरिसो ह्यांनी पहिलटकरणींस हा धोका अधिक असतो हे नमूद केले. परंतु ही सारी विद्या आचके आल्यानंतरची होती. घर पेटल्यावर आगीचे नाव सांगावे, तद्वतच ते होते.

रोग आधी ओळखण्याचा पहिला मार्ग १८४३ साली सापडला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील जॉन लिव्हर ह्यांनी आचके आलेल्या स्त्रियांचे मूत्र तापवून पाहिले, तेव्हा त्यात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन आढळले. त्याच वर्षी एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनीही हीच गोष्ट निदर्शनास आणली. पुढे १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची ह्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत उपकरण तयार केले आणि दुसरी खूण हाती आली. वाढलेला रक्तदाब व मूत्रातील प्रथिन ह्या दोन खुणांवरून आचक्यांपूर्वीची अवस्था ओळखता येऊ लागली. तीच ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ होय. गर्भिणीची नियमित तपासणी करण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली, तिच्यामागे ह्या दोन खुणांचा मोठा वाटा आहे.

तथापि मूळ कारण अज्ञातच राहिले. गर्भाशयातील वारेतून काही विष मातेच्या रक्तात उतरत असावे, असा तर्क होता. म्हणून ह्या विकारास दीर्घकाळ ‘गर्भारपणातील विषबाधा’ असेच म्हणत. परंतु ते विष कोणास सापडेना. मूळ विकार उतरण्यास प्रसूती होऊन वार बाहेर पडणे हाच उपाय होता, व आजही तोच आहे. आचक्यांवरील औषधांबाबतही मतभेद होते. ते १९९५ साली मिटले. भारतासह अनेक देशांतील १६८७ स्त्रियांवर झालेल्या तुलनात्मक परीक्षेत मॅग्नेशियम सल्फेट हे साधे व स्वस्त औषध इतर दोन औषधांहून निश्चितपणे सरस ठरले.

विषाचा माग लागला तो २००३ साली. बॉस्टन येथे संशोधन करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर एस. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी ह्यांना असे दिसले की, ह्या विकारात वार एक विशिष्ट प्रथिन प्रमाणाबाहेर निर्माण करते. त्याचे नाव एसएफएलटी-१. मातेच्या रक्तवाहिन्या निरोगी राखणारी जी द्रव्ये असतात, त्यांना हे प्रथिन जखडून टाकते. त्यांपैकीच एक पीएलजीएफ होय. पोषण तुटल्यामुळे रक्तवाहिन्या बिघडतात, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडांतून प्रथिन पाझरू लागते. हेच प्रथिन गाभण उंदरांस टोचले असता त्यांच्यातही तीच लक्षणे उमटली. जुन्या वैद्यांचा तर्क अगदीच अनाठायी नव्हता, हे सिद्ध झाले. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतही ह्या द्रव्यांचा अभ्यास झाला आहे.

लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे पाच आठवडे हे प्रथिन रक्तात वाढू लागते, असे २००४ साली आढळले. साहजिकच रक्तपरीक्षेने भविष्य सांगता येईल, अशी आशा निर्माण झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने तिची मर्यादाही दाखविली. विकाराचा संशय असलेल्या स्त्रीच्या रक्तात ह्या दोन द्रव्यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढील एक आठवडा तिला हा विकार होणार नाही, असे ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता येते. उलट ते ३८ हून अधिक भरलेल्यांपैकी चार आठवड्यांत विकार जडला तो सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच. म्हणजे ही परीक्षा निर्धास्त करण्यात जितकी समर्थ, तितकी भाकीत करण्यात नाही. तरीही इंग्लंडमध्ये २०१६ पासून अशा परीक्षांची शिफारस झाली, आणि अमेरिकेत २०२३ साली अशा एका परीक्षेस मान्यता मिळाली.

आधी कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ऍस्पिरिनच्या इतिहासात आहे. १९९४ साली ९,३६४ स्त्रियांवर झालेल्या परीक्षेत ६० मिलिग्रॅम ऍस्पिरिनचा म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. २०१७ साली मात्र पद्धत बदलली. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत मातेचा पूर्वेतिहास, रक्तदाब, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि रक्तातील पीएलजीएफ इत्यादी द्रव्ये ह्यांवरून अधिक धोक्याच्या स्त्रिया निवडल्या व त्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ऍस्पिरिन दिले. मुदतपूर्व प्रसूती करावी लागेल इतका विकार औषध घेणाऱ्यांत १.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४.३ टक्के आढळला. योग्य स्त्री, योग्य वेळ व योग्य मात्रा जुळली तेव्हाच औषध फळास आले. अर्थात हे औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नये.

ह्यातून आपण घ्यावयाचा बोध दूरचा नाही. रक्तपरीक्षा सर्वत्र उपलब्ध नसली, तरी पूर्वेतिहासास पैसा पडत नाही. आईला वा बहिणीला हा विकार झाला असल्यास धोका वाढतो, आणि स्वतःला पूर्वी झाला असल्यास तो त्याहूनही वाढतो. आपले कुलवृत्तांत पाहावेत, तर मूळ पुरुषापासूनच्या शाखा सविस्तर सापडतात. परंतु कोणती सून वा लेक बाळंतपणात कशाने गेली, ह्याची नोंद क्वचितच आढळते. नेमकी हीच माहिती आज डॉक्टर प्रथम विचारतात. तेव्हा वृद्ध मातोश्री, आत्या, मावशी ह्यांना आदराने विचारून ती घरोघर लिहून ठेवावी, आणि लेकीसुनांनी पहिल्या तपासणीस जाताना ती बरोबर न्यावी. तसेच डोकेदुखी, अंधारी, पोटात वरच्या बाजूस दुखणे, चेहऱ्यावर सूज ह्यांस ‘पहिल्या खेपेस असे व्हायचेच’ म्हणून घरी झाकून ठेवू नये. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा. ज्यांची नावे कोणत्याही वृत्तांतात उरली नाहीत, त्या स्त्रियांचे ऋण फेडण्याचा हाच एक मार्ग आपल्या हाती आहे.