गिरणीकामगारांच्या १८८४ च्या अर्जांतील पांचवें कलम

पेशवाईच्या दप्तरांशीं परिचय असलेल्या वाचकांस 'बालपरवेशी' हा शब्द नवा नाहीं. रणांत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांचा निर्वाह सरकारनें चालवावा, अशी ती वहिवाट. मुंबईंत गिरण्या उभ्या राहिल्यावर यंत्रांत हात गमावणाऱ्या कामगारास मात्र असा आधार उरला नाहीं. १८५५ च्या कायद्यानें मृताच्या आप्तांस दावा लावतां येई. पण प्रतिपक्षाचा दोष शाबीत करावा लागे. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टांत यंत्राभोंवतीं कठडे घालण्याची व अपघाताची वर्दी देण्याची तजवीज होती; भरपाईची नव्हती.

अशा स्थितींत सप्टेंबर १८८४ मध्यें कै. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें कामगारांच्या सभा भरल्या, व सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार होऊन फॅक्टरी कमिशनपुढें गेला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, कामाच्या वेळेची मर्यादा व वेळेवर पगार, या त्यांतील चार मागण्या सर्वश्रुत आहेत. पांचवी अशी कीं, कामावर गंभीर इजा झालेल्यास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, व जन्माचें पंगुत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी.

लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनला 'युनियन' म्हणावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. तिच्याजवळ सभासदांची यादी, निधि व नियम यांपैकीं कांहींच नाहीं, असा शेरा १८९२ सालच्या फॅक्टरी ॲक्टाच्या अहवालांत आहे. तो खरा धरला तरी जखमी कामगारास तिनें केलेलें साहाय्य आम्हांस लहान वाटत नाहीं. भरपाई ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हें तिनें लेखी मांडलें.

या हक्कास किती विलंब लागला, तें सनावळीच सांगते. रविवारची सुटी मालकांनीं १८९० त मान्य केली. अर्ध्या तासाची विश्रांति १८९१ च्या कायद्यांत आली. पांचव्या कलमास मात्र १९२३ चा वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट व्हावा लागला, व त्याचा अंमल १ जुलै १९२४ पासून सुरू झाला. तात्पुरती व कायमची इजा हा अर्जांतील भेद कायद्यांतहि आला. परंतु तात्पुरत्या इजेस पहिले दहा दिवस वगळून फार तर अर्धा पगार मिळे. शिवाय निरक्षर कामगाराचा दावा कोणी तरी चालवावा लागे. तें काम पुढें अहमदाबादचें मजूर महाजन यांसारख्या संघांनीं अंगावर घेतलें.

'दीनबंधु'चे जुने अंक, गिरण्यांच्या पगारवह्या व अपघातांच्या वर्द्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ती रद्दी समजूं नये. बालपरवेशीच्या याद्यांइतकेच हेहि इतिहासाचे अस्सल कागद होत.