बकहॉर्नचे ताट

कोलोराडो संस्थानातील डेन्व्हर शहरी आमच्या भाच्याचे बिऱ्हाड आहे. तेथे मुक्काम असता एके सायंकाळी तो म्हणाला, "मामा, तुम्हांला जुन्या वास्तूंचा नाद. एका खाणावळीत नेतो. पण तिथले ताट आपल्या पंगतीतले नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो."

ओसेज रस्त्यावरची 'बकहॉर्न एक्स्चेंज' ही खाणावळ १८९३ साली हेन्री झाइट्स नामक गृहस्थाने उघडली. गृहस्थ अंगाने ठेंगणा. 'शॉर्टी स्काउट' हे नाव त्यास लकोटांचा प्रख्यात सरदार सिटिंग बुल याने दिले, असे खाणावळीची परंपरा सांगते. जवळच रेल्वेचे आवार. खाणकामगार, गुराखी, रेल्वेचे नोकर हे पहिले गिऱ्हाईक. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट येथे जेवले व झाइट्स यास घेऊन शिकारीस गेले, असेही सांगतात. आत शिरताच भिंतींवरून हरणे, अस्वले, गवे अशी शेकडो मुंडकी आपल्याकडे टक लावून पाहतात. त्यांच्या नजरेखाली जेवायचे म्हणजे मनाची तयारी लागते!

पदार्थांच्या यादीत एल्क हरीण, रॅटलस्नेक, सुसरीचे शेपूट आणि 'रॉकी पर्वतातील कालवे'. कालवे पाहून आम्हां किनाऱ्यावरच्या माणसाचा जीव क्षणभर हरखला. पण रॉकी पर्वतात समुद्र कुठला? भाच्याने कानात सांगितले. ते बैलाच्या देहाचे कोणते अंग असते, हे येथे लिहवत नाही.

आमच्या पूर्वजांस असल्या गोष्टी अगदीच अपरिचित होत्या असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लासा'त रानडुक्कर, हरीण, कासव, इतकेच काय, शेतातले उंदीरही भाजण्याच्या कृती आहेत.

खरी अडचण 'बफेलो' या शब्दाने केली. त्याचा अर्थ म्हैस असा केल्यास फसगत होते. हा प्राणी म्हणजे अमेरिकेचा बायसन. मोलेच्या रानात दिसणाऱ्या आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद, आणि दोघांचेही कुळ गाईचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे प्राणी कोट्यवधींच्या संख्येने त्या माळरानांवर हिंडत. मैदानी जमातींचे अन्न, वस्त्र, तंबू, सारे त्याच्यावर चाले. मग रेल्वे आली. तिच्या मजुरांस मांस पुरविण्याचे काम बफेलो बिल कोडी याने १८६७-६८ साली पत्करले. त्या अवघ्या दीड वर्षांत ४,२८० जनावरे मारल्याचे तो अभिमानाने सांगे. १८७० नंतर यंत्रांच्या पट्ट्यांसाठी कातड्यास मागणी आली, तेव्हा शिकारी कातडे तेवढे सोलून नेत आणि मांस माळावर कुजत राही. कळप संपले की या जमाती आपोआप शरण येतील, असा हिशेब काही लष्करी अधिकाऱ्यांनी केला होता. १८८९ साली विल्यम हॉर्नाडे याने गणती केली, तेव्हा जेमतेम हजारभर बायसन उरले होते.

ज्या साली रूझवेल्ट या मेजावर बसले म्हणतात, त्याच १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये बायसन-रक्षणाची संस्था निघाली. हॉर्नाडे अध्यक्ष, रूझवेल्ट सन्माननीय अध्यक्ष! १९०७ साली तेथील प्राणिसंग्रहालयातून पंधरा बायसन आगगाडीने ओक्लाहोमाच्या राखीव रानात धाडले. ज्या वाहनाने कळप संपविले, त्याच वाहनाने हे परतले.

आज तेथे रानटी जनावराची शिकार करून मांस विकण्यास मनाई आहे. म्हणून बकहॉर्नच्या ताटातले 'शिकारीचे' मांस पाळीव कळपांतले असते, आणि आजचे बहुतेक बायसन मांसासाठीच पाळलेले आहेत. खाणाऱ्यांमुळे वंश वाढला, हे मान्य करणे आम्हांस जड गेले; परंतु ते खोटे नव्हे. शिवाय पूर्वी गुरांशी संकर झाल्याने पुष्कळ कळपांत गाईच्या रक्ताचा अंश आहे.

"मग मामा, हे गव्याचे म्हणायचे की गाईचे?" भाच्याने विचारले.

आम्ही ते ताट पुढे घेतले नाही. एल्कचा लहानसा तुकडा मागविला. सोमेश्वराचा आधार होताच. चव हरणाची असावी तशी, किंचित गोडसर. भाच्याने बायसन खाल्ले, आणि आम्ही त्यास काही बोललो नाही. बाहेर आलो तो समोरच्याच स्थानकात गाडी उभी होती. तिने घरी परतलो.