चंद्रावरील विवरांचा वाद

चंद्रबिंबावरील डागांत आमच्या पूर्वजांस कधीं ससा दिसला, कधीं हरिण. म्हणूनच तो शशांक झाला आणि मृगांकहि झाला. गॅलिलिओनें १६०९ सालीं आपली दुर्बीण त्याजकडे वळविली, तेव्हां त्यास तेथें डोंगर आणि खळगे दिसले. चंद्र हा केवळ ज्योतिष्यांचा विषय न राहतां भूस्तरशास्त्राचाहि विषय होण्याचा आरंभ येथून झाला. परंतु ते वाटोळे खळगे कशानें झाले, या साध्या प्रश्नाचा निकाल लागण्यास पुढें साडेतीनशें वर्षें जावीं लागलीं. या वादाचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. कारण थोर बुद्धीचीं माणसेंहि कोठें व कां चुकतात, हें त्यांत स्वच्छ दिसतें.

इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६६५ सालच्या आपल्या ग्रंथांत या खळग्यांविषयीं दोन प्रयोग सांगितले आहेत. ओल्या चिकणमातींत बंदुकीची गोळी टाकली असतां खळगा पडतो. तापविलेल्या संगजिऱ्यासारख्या भुकटींतून बुडबुडे निघून फुटले असतांहि तसाच खळगा उरतो. पहिला तर्क त्यानें सोडून दिला. कारण चंद्रावर आदळावयास असे गोळे येणार कोठून, हें त्यास सुचेना. आकाशांतून दगड पडतात ही गोष्ट विद्वानांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मान्यच केली नव्हती. तेव्हां बुडबुड्यांचा, म्हणजे ज्वालामुखीचा पक्ष प्रबळ झाला, आणि तो दीर्घ काळ तसाच राहिला.

या पक्षास पहिला जोराचा धक्का दिला तो अमेरिकेच्या भूस्तर खात्यांतील ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यानें. १८९२ सालीं वॉशिंग्टन येथील नौदलाच्या वेधशाळेंत रात्रीमागून रात्री बसून त्यानें चंद्राचें निरीक्षण केलें. जमिनीचा अभ्यास करण्याकरितां नेमलेला माणूस चंद्राकडे टक लावून बसतो, अशी थट्टा लोकप्रतिनिधींच्या सभेंतहि झाली. तथापि १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें दाखविलें कीं, पृथ्वीवरील ज्वालामुखींचीं मुखें बहुधा पर्वताच्या शिखरावर असतात. चंद्रावरील विवरांचे तळ मात्र भोंवतालच्या जमिनीहून खोल आहेत. सबब तीं आघातानेंच झालीं असावीं.

मात्र एक अडचण उरली. तिरपा आदळलेला दगड लांबट खळगा पाडील. चंद्रावरील विवरें तर जवळजवळ सर्व वाटोळीं. या अडचणींतून निघण्यासाठीं शनीसारखें लहान गोलकांचें कडें एके काळीं पृथ्वीभोंवतीं होतें, व ते एकवटून चंद्र बनला, अशी कल्पना गिल्बर्टास लढवावी लागली.

आतां दैवाची गंमत पहावी. चंद्राविषयीं खरें ओळखणाऱ्या या पुरुषानें १८९१ सालीं ॲरिझोनांतील सुमारें सव्वा किलोमीटर रुंदीचें एक विवर स्वतः जाऊन पाहिलें होतें. भोंवतीं लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते. त्यानें दोन कसोट्या लाविल्या: आंत लोखंडाचा प्रचंड गोळा पुरलेला असेल तर चुंबकसूची ढळली पाहिजे, आणि कांठावरील मातीदगडांचें माप खळग्याच्या मापाहून अधिक भरलें पाहिजे. दोन्ही कसोट्यांचें उत्तर नकारार्थी आलें, आणि हें विवर वाफेच्या स्फोटानें झालें असा निर्णय त्यानें दिला. पुढें बॅरिंजर नांवाच्या खाणमालकानें १९०३ पासून पंचवीसांहून अधिक वर्षें तेथें तो गोळा शोधण्यांत आपलें द्रव्य घातलें. गोळा सांपडला नाहीं, आणि १९२९ सालीं बॅरिंजर वारला.

दोघांचीहि चूक एकाच ठिकाणीं होती. आदळणारी वस्तु पुरून राहिली पाहिजे, असें दोघेहि धरून चालले. वास्तविक सेकंदास दहा-वीस किलोमीटर वेगानें येणारी उल्का आदळतांच तिची गति उष्णतेंत पालटून बाँबसारखा स्फोट होतो. ती स्वतः बव्हंशीं वितळून वा वाफ होऊन जाते, आणि स्फोट सर्व दिशांस सारखा पसरत असल्यानें विवर वाटोळेंच पडतें. न्यूझीलंडमधील गिफर्ड यानें १९२४ सालीं हें गणितानें मांडलें. पुढें १९६० सालीं यूजीन शूमेकर व त्याचे सहकारी यांस त्याच ॲरिझोनाच्या विवरांत कोएसाइट हें खनिज सांपडलें. तें गारेच्याच द्रव्याचें असून प्रचंड दाबावांचून बनत नाहीं. ज्वालामुखीच्या मुखांत तेवढा दाब येत नाहीं. या शोधानें विवराचा वाद मिटला.

१९६९ ते १९७२ या काळांत अमेरिकन वीरांनीं चंद्रावरून सुमारें ३८२ किलो दगडमाती आणली. तींत आघातानें चुरडून पुन्हां सांधलेले खडक विपुल निघाले. परंतु जुन्या ज्योतिष्यांनीं ज्यांस ‘समुद्र’ म्हटलें तीं काळसर मैदानें थिजलेल्या लाव्हारसाचीं ठरलीं. म्हणजे ज्वालामुखीचा पक्षहि अगदींच निराधार नव्हता.

या कथेचा एक धागा आमच्याच दारांशीं येऊन पोंचतो. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर, जेथें विष्णूनें लवणासुरास मारल्याची कथा सांगतात, तें दक्षिणेच्या काळ्या पाषाणांत पडलेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर आहे. सारा मुलूखच लाव्हारसाचा, तेव्हां हेंहि ज्वालामुखीचें मुख, असें पुष्कळांनीं मानावें हें स्वाभाविकच होतें. परंतु येथील खडकांत आघाताखेरीज न होणाऱ्या खुणा सांपडल्याचें १९७३ सालीं भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. चंद्रावरील मैदानें याच जातीच्या पाषाणाचीं असल्यामुळें तेथील विवरें समजून घेऊं इच्छिणाऱ्यांस लोणार हें मोठेंच साधन झालें आहे.

गिल्बर्टाची चूक आम्हीं वर सांगितली ती त्यास कमी लेखण्यासाठीं नव्हे. आपल्याला प्रिय असलेला तर्क त्यानें कसोटीस लावला, आणि ती उलट जातांच सोडून दिला. शिवाय १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत आपला निर्णयहि पुढें फिरूं शकेल हें त्यानें मोकळेपणें सांगितलें. चुकलें होतें तें कसोटीच्या मुळाशीं असलेलें गृहीत. आपलीं गृहीतें आपल्यास दिसत नाहींत, तीं पुढच्या पिढीस दिसतात. म्हणून पुढच्यांस तीं तपासतां यावींत अशा रीतीनें आपलें काम उघडें ठेवणें, एवढेंच विद्वानाच्या हातीं असतें. तेवढें गिल्बर्टानें केलें होतें.