दोन दिवस आणि सोळा दिवस

मार्च २०२० मधली गोष्ट. आमच्या शहरात एक कविसंमेलन ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. त्यात माझं नाव होतं आणि, खोटं कशाला बोलू, चांगलं ठळक होतं. आठवडा उरला असताना संयोजकांचा फोन आला. म्हणाले, ‘कार्यक्रम रद्द करतोय.’ मला राग आला. मी म्हटलं, ‘अहो, कवितेनं कधी कुणाला ताप आलाय का?’ ते शांतपणे म्हणाले, ‘कवितेनं नाही येत, सर. कवींनी येतो.’

त्या वेळी हा मला निव्वळ विनोद वाटला. पुढे टाळेबंदीत वेळच वेळ मिळाला आणि मी १९१८ च्या साथीविषयी वाचायला बसलो. तेव्हा कळलं, की साथ शहरात कशी शिरते आणि कशी फिरते हे त्या गृहस्थांनी दोन शब्दांत सांगून टाकलं होतं.

शहराचा नकाशा आपण रस्त्यांनी काढतो. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाचा नकाशा वेगळा असतो. त्यात रस्ते नसतात, बैठका असतात. शाळेचा वर्ग, गच्च भरलेली ट्राम, नाटकाचं थिएटर, बाजार, प्रार्थनास्थळ, लग्नाचा मांडव. इन्फ्लुएंझाचा विषाणू खोकल्या-शिंकेतून, अगदी बोलण्यातूनही हवेत येतो आणि जवळच्या माणसाच्या श्वासात जातो. लागण झाल्यावर एक-दोन दिवसांत, फार तर चार दिवसांत माणूस आजारी पडतो. पण खरी मेख पुढेच आहे. ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो रोग वाटायला लागलेला असतो. म्हणजे सकाळी जो ठणठणीत माणूस डबा घेऊन कामाला निघाला, दुपारी चार जणांत बसून जेवला, संध्याकाळी शेजाऱ्याच्या मयतीला जाऊन आला, त्याचा कुणालाच संशय येत नाही. त्याला स्वतःलाही नाही.

आता थोडं गणित. एका रुग्णाकडून सरासरी दोघांना लागण होते आणि त्याला तीन दिवस लागतात, असं समजा. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाहीसं वाटतं. दहाव्या पायरीला, म्हणजे महिनाभरात, आकडा हजारावर गेलेला असतो. साथ एकाएकी आली असं आपण म्हणतो. ती एकाएकी येत नाही. आपल्याला ती एकाएकी दिसते.

१९१८ मध्ये हे सारं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. या रोगामागे एक जिवाणू आहे, असं बहुतेक डॉक्टर मानत होते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला तो १९३३ साली. लस नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. हाती होतं ते एकच, माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणं. ते कधी करायचं, यावर शहरांचं नशीब ठरलं. अमेरिकेतल्या दोन शहरांची कहाणी त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

पहिलं फिलाडेल्फिया. सतरा-अठरा लाख वस्तीचं मोठं औद्योगिक शहर. महायुद्ध चालू होतं. सप्टेंबरमध्ये तिथल्या नौदलाच्या गोदीत फ्लू आला आणि १७ सप्टेंबरच्या सुमारास नागरिकांतही रुग्ण दिसू लागले. २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी भव्य मिरवणूक ठरलेली होती. काही डॉक्टरांनी ती रद्द करा म्हणून सांगितलं. पण आरोग्य संचालक विल्मर क्रुसेन यांनी ती होऊ दिली. देशासाठी पैसा उभा करायचा होता. नाही म्हणणं सोपं नव्हतं. सुमारे दोन लाख लोक रस्त्याच्या दुतर्फा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तीन दिवसांत रुग्णालयांतल्या खाटा भरल्या. शाळा, चर्च, थिएटरं बंद करण्याचा हुकूम निघाला तो ३ ऑक्टोबरला. पहिल्या रुग्णापासून सोळा दिवस गेले होते. दीड महिन्यात तिथे बारा हजारांच्या आसपास माणसं दगावली. कबरी खणायला माणसं मिळेनात, तेव्हा पाद्री होण्यासाठी शिकणारी तरुण मुलं कुदळी घेऊन दफनभूमीत उतरली.

दुसरं शहर सेंट लुईस. मिसिसिपी नदीच्या काठचं, तेव्हा साधारण साडेसात लाख वस्तीचं. म्हणजे आपल्या आजच्या कोल्हापूरपेक्षा मोठं, सोलापूरपेक्षा लहान. शेजारीच जेफरसन बॅरक्स ही लष्करी छावणी होती आणि साथ तिथे पोचली होती. शहराचे आरोग्य अधिकारी होते डॉ. मॅक्स स्टारक्लॉफ. पूर्वेकडच्या शहरांतल्या बातम्या ते वाचत होते आणि आपल्या डॉक्टरांना रुग्णांची माहिती कळवायला सांगत होते. ५ ऑक्टोबरला नागरिकांतले पहिले रुग्ण समोर आले. ७ ऑक्टोबरला हुकूम निघाला. शाळा, थिएटरं, सिनेमागृहं, नाचघरं, सभा, संमेलनं बंद. अंत्ययात्रेची गर्दी बंद. चर्चसुद्धा बंद. मध्ये गेले फक्त दोन दिवस.

सोळा आणि दोन. फरक चौदा दिवसांचा. मघाचं गणित लावून पाहा. तीन दिवसांत दुप्पट होणारी गोष्ट चौदा दिवसांत सोळा पटींच्याही वर जाते. २००७ साली या शहरांच्या मृत्युनोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फियात सर्वांत वाईट आठवड्यात दर लाख वस्तीमागे नेहमीपेक्षा २५७ मृत्यू जास्त झाले होते. सेंट लुईसमध्ये बंदी असतानाच्या काळात हा आकडा ३१ च्या वर गेला नाही.

हे सहज झालं असं मात्र समजू नका. थिएटरवाले, दुकानदार नाराज होते, आणि त्यांची नाराजी पोटाची होती. शहराचे आर्चबिशप जॉन ग्लेनन यांनी चर्च बंद करायला विरोध केला. संकटाच्या वेळी माणसानं देवाच्या दारी जायचं नाही, तर कुठे जायचं? पण शेवटी दारं बंद झाली.

या ठिकाणी मी वाचता वाचता थांबलो होतो. कारण २०२० च्या रमजानमध्ये आमच्याकडे घरोघर हाच प्रश्न विचारला जात होता. मशिदीची दारं बंद, तरावीह घरात, आणि २५ मेची ईदसुद्धा घरात. अब्बांना हयातीत पहिल्यांदाच ईदगाहशिवाय ईद करावी लागली. ते गच्चीवर जानमाज अंथरून बसले. मला वाटलं, कष्टी झाले असतील. पण तेच मला म्हणाले, ‘बेटा, मोठा पाऊस असला की घरीच नमाज पढा, अशी हाक द्यायची रीत पैगंबरांच्या काळापासून आहे. आणि जिथे साथ आहे तिथे जाऊ नका, जिथे आहात तिथे आली तर बाहेर पडू नका, हेही त्यांनीच सांगितलंय. यात नवं काय आहे?’ त्यानंतर महिनाभरानं ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला निघाल्या. वारकऱ्यांनी घरातूनच हात जोडले. शतकानुशतकं पायी चालणाऱ्यांनी जागेवर थांबणं ही काय साधी गोष्ट आहे? पण थांबले.

सेंट लुईसची कहाणी इथे संपली असती तर फार सुबक झाली असती. इतिहास असा सुबक नसतो. आकडे उतरू लागले, ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं, लोक आनंदानं रस्त्यावर आले. नोव्हेंबरच्या मध्यापासून बंधनं सैल होत गेली. जिंकलो, असं शहराला वाटलं. पण ज्यांना लागण झालीच नव्हती अशी माणसं अजून पुष्कळ होती. विषाणूच्या दृष्टीनं ती कोरडी लाकडंच होती. साथ पुन्हा पेटली, शाळा पुन्हा बंद कराव्या लागल्या, आणि डिसेंबरमध्ये बळींची संख्या पुन्हा चढली. वर्षअखेरीचा हिशेब असा, की फिलाडेल्फियात लाखामागे ७१९ जास्तीचे मृत्यू, सेंट लुईसमध्ये ३४७. निम्म्याहून कमी, हे खरं. पण ३४७ हाही काही लहान आकडा नाही.

आणि आपली मुंबई? १९१८ च्या जूनमध्ये ही साथ तिथे बंदरातून शिरली. सुरुवातीच्या रुग्णांत गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई होते. पावसाळ्यानंतर ती भयंकर रूप घेऊन परतली. ६ ऑक्टोबरला, म्हणजे स्टारक्लॉफ यांचा हुकूम निघाला त्याच्या आदल्याच दिवशी, एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालं होतं. मुंबईच्या मृत्युनोंदी जातवार, समाजवार ठेवल्या गेल्या, म्हणून आज आपल्याला कळतं, की युरोपियनांत हजारी आठ माणसं मेली, मुसलमानांत एकोणीस, आणि ज्यांना त्या नोंदींत खालच्या जातीचे म्हटलं होतं त्यांच्यात एकसष्ट. विषाणूला जात कळत नाही, हे आपण ऐकत आलो. पण त्याला खोली कळते. दार बंद करून बसायला आधी दार लागतं, आणि दाराआड माणसापरत्वे थोडी हवा लागते. चाळीतल्या एका खोलीत दहा जण झोपत असतील, तर त्यांना घरी बसा सांगणं म्हणजे गर्दीतच बसा सांगणं. संपूर्ण हिंदुस्थानात या साथीनं सव्वा ते दोन कोटी बळी घेतले असावेत, असे अंदाज आहेत.

हे सारं मी २०२० मध्ये वाचलं, टिपणं काढली, मित्रांना फोनवरून सुनावलंदेखील. आणि तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये, आकडे उतरल्यासारखे दिसताच, त्या संयोजकांना मीच फोन केला. म्हटलं, आता घेऊन टाकू राहिलेलं संमेलन. मोजक्या माणसांत. ते कां-कूं करत होते. मी आग्रह धरला. छोटा हॉल होता. रस्त्याचा आवाज आत येत होता म्हणून खिडक्या लावून घेतल्या. ही सूचनाही माझीच. अध्यक्षस्थानी सत्तरी ओलांडलेले एक ज्येष्ठ कवी होते. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, ‘वर्षानं माणसं पाहिली.’ पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. तीन आठवड्यांनी ते गेले.

त्या हॉलमध्येच त्यांना लागण झाली, असं कुणी सांगू शकत नाही. त्या आठवड्यात ते आणखी कुठे कुठे गेले असतील. कुणाकडून कुणाला, हे श्वासाच्या रोगात सहसा कळत नाही. मला ते कधीच कळणार नाही. संयोजक त्याबद्दल मला आजवर एका शब्दानं बोललेले नाहीत.

संमेलनं आता पुन्हा होतात. मीही जातो. फक्त माइकसमोर उभा राहिलो की आधी खिडक्या उघडायला सांगतो. लोकांना वाटतं, कवीला उकडतंय.